गोंधळ मांडणे आणि गोंधळ घालणे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले, नंदादीप लागला आणि पहिली माळ चढली, की सोलापूर-धाराशिवकडच्या घरांना एका आवाजाची ओढ लागते. तो आवाज संबळाचा. तुळजाभवानीला कुलस्वामिनी मानणाऱ्या घरांत कुलधर्म म्हणून गोंधळ मांडला जातो. चौरंगावर तांदळाचा चौक, त्यावर कलश, शेजारी तेवती दिवटी, आणि समोर कमरेला संबळ बांधून उभा राहिलेला गोंधळी. संबळाच्या जोडीतले एक वाद्य उंच स्वराचे, दुसरे खर्जातले. टोकाला वाकवलेली काठी त्यावर पडली की भिंतीला टेकून पेंगणारी मुलेसुद्धा ताठ बसतात. मागे तुणतुण्याची एकच एक तार अखंड बोलत असते आणि साथीदार झील धरतात. हे सारे आम्ही लहानपणापासून पाहत आलो, म्हणून त्याविषयी फारसा विचार करण्याची वेळ कधी आली नव्हती. ती वेळ गेल्या वर्षी नवरात्रात आली.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. त्याला विजेची गिटार वाजविण्याचा छंद आहे. अंबाबाईचे एक गाणे, जे पूर्वी ध्वनिफितींच्या काळात आपल्या भागात घरोघरी वाजत असे, ते त्याने आपल्या मित्रांसह ‘हेवी मेटल’ नावाच्या पाश्चात्त्य संगीताच्या धाटणीने बसविले होते. “काका, अष्टमीला गोंधळ झाला की देवीपुढे हे वाजवू का?” असे त्याने विचारले आणि मोबाइलवर ते आम्हास ऐकविले. आम्ही ऐकले, ते केवळ अर्धा मिनिट. करवतीने पत्रा कापावा तसा तो स्वर, पाठोपाठ हातोड्याचे घाव घातल्यासारखे ढोल आणि गळा फोडून ओरडणारा गायक. आम्ही म्हणालो, “अरे, गोंधळ मांडतात. तू तर गोंधळ घालतो आहेस!” मुलगा हसला नाही. “तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंच नाही,” एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. आयुष्यभर शाळेत मुलांना ‘आधी धडा पूर्ण वाचा, मग मत द्या’ असे सांगत आलेल्या माणसाला ते बोलणे लागावे, यात नवल नाही. अष्टमीला अजून पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत हे संगीत म्हणजे काय, ते कोठून आले आणि आपल्या लोकगीतांना त्याचे वावडे आहे की नाही, हे समजून घेण्याचा आम्ही यत्न केला. अनेक घरांत आज असाच प्रश्न उभा राहत असेल, म्हणून तो शोध वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सैल केलेल्या तारा

हेवी मेटल हे संगीत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जन्मास आले. ‘ब्लॅक सॅबाथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका 1970 च्या फेब्रुवारीत निघाली आणि तेथून या प्रकाराचा आरंभ मानण्याची पद्धत आहे. त्या वृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी हा तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने त्याच हाताने त्याला तारा दाबाव्या लागत. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. त्यातून जो जड, घुमणारा खर्ज निघाला, तो या संगीताचे एक लक्षण होऊन बसला. ज्याला आम्ही केवळ आरडाओरडा समजत होतो, त्याच्या मुळाशी एका कामगाराचे दुखावलेले हात आहेत, हे कळल्यावर आमचा पहिला राग थोडा निवळला.

त्यातला तो करवतीसारखा स्वर कसा निघतो, हेही पुतण्याने समजावून सांगितले. गिटारचा क्षीण विद्युत्‌संकेत ध्वनिवर्धकाच्या ताकदीपलीकडे वाढविला, की स्वरलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरासोबत नवनवे उपस्वर उमटू लागतात. अशा वेळी पाश्चात्त्य पद्धतीचे तीन-चार स्वरांचे मेळ एकत्र वाजविले, तर सारा चिखल होतो. म्हणून मेटलवादक बहुधा दोनच स्वर एकत्र धरतो, आधारस्वर आणि त्याचा पंचम.

हे ऐकताच आम्ही चमकलो. षड्ज आणि पंचम! तंबोऱ्याच्या तारा आपण याच नात्याने लावतो. तंबोऱ्याला जवारी काढतात ती तरी कशासाठी? घोडीवर तार किंचित घासावी, स्वर नुसता सपाट न निघता त्यातून उपस्वरांचे मोहोळ उठावे, यासाठीच. साधने निराळी आणि परिणामही निराळा. एकाचा शेवट शांतीत, दुसऱ्याचा कल्लोळात. परंतु एका आधारस्वराला धरून त्यावर चाल फिरविण्याची जी आपल्या लोकसंगीताची रीत, ती या संगीताला परकी नाही. चालीला अंगभूत स्वरमेळ नसूनही आपली गाणी या धाटणीत सहज बसतात, त्याचे एक कारण येथे असावे.

बारा वर्षांची कमाई

“असे आणखी कोणी केले आहे काय?” या आमच्या प्रश्नावर पुतण्याने दिल्लीच्या एका वृंदाची गाणी ऐकविली. वृंदाचे नाव ‘ब्लडीवुड’. हे नाव सोवळ्या कानांना खटकेल, पण ती ‘बॉलिवुड’ या शब्दाची थट्टा आहे. वकिली पेशाची नोकरी सोडून आलेले करण कटियार आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 मध्ये हा वृंद सुरू केला. आरंभी लोकप्रिय गाणी मेटलच्या धाटणीत वाजवून गंमत करणे एवढाच हेतू होता. 2018 साली त्यांनी राऊल केर या इंग्रजी रॅप गाणाऱ्या कलावंतासह ‘आरी आरी’ हे गाणे काढले, आणि तेथून त्या गमतीला गांभीर्य आले.

या एका गाण्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. त्याचे मूळ पंजाबच्या लग्नघरात आहे. तेथे गिद्धा आणि भांगडा नाचताना ‘बोल्या’ म्हणतात. त्यात ‘बारी बरसी’ नावाची एक ठरलेली घडण आहे. कोणी एक जण बारा वर्षे कमाईसाठी परदेशी गेला आणि येताना अमुक वस्तू घेऊन आला, असे एकाने म्हणावे. त्या वस्तूला स्वतःचा अर्थ फारसा नसतो. पुढच्या ओळीचे यमक जुळविण्यापुरती ती यावयाची. खरी फिरकी पुढच्या ओळीत, आणि ती आली की सर्वांनी टाळ्या वाजवून उचलून धरावयाची. आपल्या उखाण्याची ही सख्खी बहीणच म्हणावी. उखाण्यातही पहिला चरण यमकासाठी आणि दुसरा नावासाठी असतो. भोंडल्याच्या फेरात एकीने ओढलेली ओळ साऱ्या जणी जशी उचलतात, तशीच ती बोलीही समूहाची.

हीच बोली 2003 साली डेन्मार्कमधील ‘बॉम्बे रॉकर्स’ या जोडीने नाचाच्या आधुनिक तालावर बांधली. परदेशात वाढलेल्या पंजाबी मुलांच्या लग्नांत ती वाजू लागली. पंधरा वर्षांनी तीच दिल्लीच्या तरुणांनी उचलली आणि तिला गिटारचा खर्ज दिला. लग्नघर, डेन्मार्क, दिल्ली अशी ही तीन वळणे. दरवेळी साज बदलला, परंतु ढोलाची झोक आणि सर्वांनी मिळून उचलावयाचे पंजाबी ध्रुवपद, या दोन गोष्टी हलल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, हा वृंद जर्मनीतील वाकेन या खेड्यात भरणाऱ्या मेटल संगीताच्या प्रसिद्ध महोत्सवात वाजला. पंजाबीचा एकही शब्द न कळणारे हजारो लोक तेथे ढोलाच्या तालावर उड्या मारीत होते. 2022 साली निघालेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘रक्षक’. छळ सोसणाऱ्या मुलांना धीर देणारी आणि स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्ध कडाडणारी गाणी त्यात आहेत.

येथे एक भेद ध्यानी ठेवावयास हवा. आपले धार्मिक विषय मेटल संगीतात याआधीही आले आहेत. सिंगापूरचा ‘रुद्र’ हा वृंद 1992 पासून वेदान्तावर रचना करीत आला आणि आपल्या संगीताला ‘वैदिक मेटल’ म्हणवून घेऊ लागला. मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने 2017 मध्ये ‘दशावतार’ या नावाचा संग्रह काढून विष्णूचे अवतार गायिले. परंतु तेथे विषय आपला आणि चाली नव्या. लोकांच्या ओठांवरचे गाणे घेऊन त्याचा साज पालटणे हे अधिक नाजूक काम आहे. त्या गाण्याशी हजारो घरांच्या आठवणी बांधलेल्या असतात, आणि आपल्या मुलाने गायिलेले ते गाणे आजीलाही आपले वाटले पाहिजे.

पेटीला कोठे जागा होती?

पाच दिवसांच्या या विचारात आमच्याच घरातील देव्हाऱ्यासमोर ठेवलेल्या पेटीकडे आमचे लक्ष गेले. रोजच्या आरतीला जिच्यावाचून आमचे चालत नाही, ती पेटी तरी कोठली? एकोणिसाव्या शतकात पॅरिसला हार्मोनियमचा जन्म झाला. पुढे कलकत्त्याला तिचे हाताने भाता ओढण्याजोगे सुटसुटीत रूप घडले आणि ती भजनात येऊन बसली. हिंदुस्थानी संगीताच्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, म्हणून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. त्या तीन दशकांत पंढरीच्या वाटेवर आणि गावोगावच्या भजनी मंडळांत मात्र तीच पेटी विठ्ठलाचे नाव घेत होती. परके वाद्य आपले होते ते ठरावाने नव्हे, त्याच्या साथीने माणसे गाऊ लागली म्हणजे होते.

मुंबई-कोकणातील गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ घ्या. तो मूळचा जपानी. 1912 साली नागोया येथे ‘तायशोगोतो’ या नावाने तो तयार झाला, आणि आपल्याकडे बुलबुलतरंग होऊन आला. टंकलेखनयंत्रासारख्या त्याच्या पट्ट्या दाबून, त्याला वीज जोडून, कर्ण्यांतून कोळीगीते गर्जविणाऱ्या बेंजो पार्ट्या आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. त्यावर 2016 साली ‘बॅन्जो’ नावाचा चित्रपटही निघाला. विजेच्या तारेवर लोकगीत कर्कश करून वाजविणे ही जर पुतण्याची आगळीक असेल, तर ती आमच्या पिढीने आधीच करून ठेविली आहे, हे कबूल करावे लागेल.

आणि पंजाबात तर हीच देवाणघेवाण देवीच्याच दारात चालते. तेथील नवरात्रात ‘जगराता’ असतो. रात्रभर जागून देवीची ‘भेटें’ गातात. ही गाणी घरोघरी पोहोचविणारे गायक नरेंद्र चंचल 2021 च्या जानेवारीत निवर्तले. 1983 च्या ‘अवतार’ या चित्रपटात त्यांच्या आवाजातले वैष्णोदेवीचे जे गाणे होते, ते चित्रपटातून निघून जगरात्याचा भागच होऊन गेले. देवळातील चाल पडद्यावर आणि पडद्यावरची देवळात, अशी ये-जा पूर्वापार आहे. आपल्या भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या चालीवर अभंग बसविले, तेव्हाही कोणी देव्हारा विटाळल्याचे म्हटले नाही.

रौद्राचा शेवट कोठे?

तरीही मनात एक शंका उरलीच. वाद्य परके असेना का, पण हा त्वेष, हा गळा फोडणारा आवाज भक्तीत शोभतो काय? याचे उत्तर शोधण्यास आम्हाला फार दूर जावे लागले नाही. नवरात्रात ज्या सप्तशतीचा पाठ घरोघरी होतो, तिच्यातले युद्धवर्णन आठवावे. शंखांचा नाद, घंटेचा घोष, धनुष्याच्या दोरीचा टणत्कार आणि सिंहाची गर्जना यांनी दिशा भरून जातात. महिषासुरमर्दिनीचे ते रूप काही मंद स्वरांत उभे राहत नाही. भरतमुनींनी रौद्र आणि भयानक यांनाही रसांत मानाचे स्थान दिले आहे. तेव्हा प्रचंड नाद देवीला परका आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु त्याच सप्तशतीत आणखी एक गोष्ट आहे. महिषासुर पडल्यावर देव हात जोडून स्तुती करतात. शुंभ-निशुंभ पडल्यावर पुन्हा स्तुती आहे. रौद्र तेथे मुक्काम करीत नाही. ते नमनापर्यंत पोहोचविते आणि निवते. म्हणून अशा गाण्याला विचारण्याचा प्रश्न ‘तू एवढे मोठ्याने का गातोस?’ हा नव्हे. ‘एवढी गर्जना करून तू मला शेवटी कोठे आणून सोडतोस?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

गोंधळीमामांचा निवाडा

अष्टमीच्या सायंकाळी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येणारे गोंधळीमामा आले. आमच्या वडिलांच्या वेळी त्यांचे वडील येत. चौक मांडून होईपर्यंत त्यांना चहा दिला, आणि हा वाद त्यांच्यापुढे ठेवला. मनात असे होते की ते कानांवर हात ठेवतील आणि आमचा निर्णय आपोआप होईल. पण मामांनी मोबाइल कानाशी धरला आणि डोळे मिटून गाणे अथपासून इतिपर्यंत ऐकले. डाव्या हाताची बोटे मांडीवर ठेका धरीत होती. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, पोराचा ठेका चुकला न्हाई. आवाजाचं म्हनाल तर आमचं संबळ काय कमी वरडतंय? पर ह्यात आईला बोलावनं कुठं हाय?”

पुतण्या गोंधळला. मामा त्याला समजावू लागले. गोंधळाच्या आरंभी गाव-गावच्या देवांना नावे घेऊन बोलाविले जाते. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडेराया, पंढरीचा विठोबा असे एकेकाला गोंधळाला येण्याचे आवतण दिल्याखेरीज पुढचे आख्यान लागत नाही. त्या ध्वनिफितीतल्या गाण्यातही आरंभी असे संथ आवाहन होते. मुलांनी ते लांबते म्हणून काढून टाकले होते आणि थेट द्रुत ठेक्यापासून आरंभ केला होता. “पाव्हन्याला आवतनच दिलं न्हाई, आन्‌ पंगत वाढून मोकळं झालासा,” मामा म्हणाले. “आन्‌ दुसरं. तू एकटाच वरडतूस. झील कोन धरनार? शबुदच ऐकू येत न्हाईत, तर मागं बसलेल्यांनी उचलायचं काय?”

आम्ही पाच दिवस जो काथ्याकूट केला, त्याचे सार त्या दोन प्रश्नांत आले. आमचा आक्षेप आवाजावर होता. मामांचा आक्षेप आवाजापायी जे वगळले गेले त्यावर होता. बोलावणे आणि झील. देवाला हाक आणि माणसांना जागा. पंजाबची ती बोली तीन वळणे घेऊनही जिवंत का राहिली, हेही मग उमगले. तिच्यातली सर्वांनी उचलण्याची ओळ कोणी काढून टाकली नव्हती.

अष्टमीचा गोंधळ नेहमीप्रमाणे झाला. पुतण्याने गिटार काढली नाही. मात्र दोन दिवस तो आणि त्याचे मित्र माडीवर बसून काही जुळवाजुळव करीत होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून, सोने वाटून माणसे परतली, तेव्हा घटापुढे नव्हे, अंगणात, त्यांनी ते गाणे मांडले. मामांनाही मुद्दाम बोलाविले होते. आरंभी आवाहन पुरे घेतले, त्याखाली गिटारचा एकच लांब षड्ज, तुणतुण्यासारखा. शब्द येत तेथे वाद्ये खाली उतरत. ध्रुवपदानंतर दोन आवर्तने मोकळी सोडली होती.

पण खरी अडचण निराळीच निघाली. मामांनी संबळावर साथ धरली आणि रीतीप्रमाणे लय चढवीत नेली. मुले मात्र कानात टिकटिकणाऱ्या तालयंत्रास बांधलेली होती. मेटलच्या ध्वनिमुद्रणात सर्वांनी एका अचूक गतीला चिकटून राहावयाचे असते, त्याची ती सवय. संबळ पुढे पळाले, गिटार मागे राहिली आणि सारे विस्कटले. मामा थांबले. “यंतराकडं बघू नगंस, माझ्या हाताकडं बघ,” ते म्हणाले. पुतण्याने कानातले यंत्र काढून खिशात टाकले. दुसऱ्या खेपेस गाणे चढत गेले आणि मोकळ्या आवर्तनांत प्रथम आवाज आला तो ओट्यावर बसलेल्या आमच्या मातोश्रींचा. नव्वदीच्या घरातल्या त्या. झील कशी धरावी, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. मग सुना, मुले आणि शेवटी आम्हीही.

ते गाणे आता आम्हास मधुर वाटू लागले, असे म्हटले तर ते असत्य होईल. गळा फोडून गाण्याची ती पद्धत आजही आमच्या कानांना सोसवत नाही, आणि रोज सकाळी ते लावावे असे आम्ही कोणास सुचविणार नाही. परंतु न आवडणे आणि अमंगल ठरविणे यांत अंतर आहे, एवढे आम्ही शिकलो.

दोन पथ्ये

अशा प्रयोगांकडे वळणाऱ्या तरुणांना वडीलधाऱ्यांच्या नात्याने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली आवाजाची. धाटणी भारी असणे आणि भिंती हादरविणे या दोन गोष्टी एक नव्हेत. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांपलीकडे राहू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्म्यावर येते, असा कानांच्या रक्षणाचा एक प्रचलित संकेत आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलपुढे उभे राहण्याची मुदत पाव तासावर येते. मिरवणुकीतील ध्वनिभिंतींपुढे तासन्‌तास नाचणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा हिशेब जरूर करावा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई केली आहे. सणांसाठी वर्षातून मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत ही सवलतच आहे, हक्क नव्हे. शेजारच्या घरातील आजाऱ्याच्या उशाशीही आईच बसलेली असते.

दुसरी गोष्ट ऋणाची. परंपरेने आलेली ओवी वा बोली सर्वांची असते, परंतु ध्वनिफितीवर गाजलेल्या गाण्याला कवी असतो, चाल लावणारा असतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रण निघाल्याचे वर्ष संपल्यावर पुढची पाच वर्षे उलटल्याशिवाय त्या गाण्याची नवी आवृत्ती ध्वनिमुद्रित करता येत नाही. त्यानंतरही मानधन द्यावे लागते आणि शब्द-सुरांत फेरफार करावयाचा तर संमती घ्यावी लागते. कायद्याहून मोठा धर्म असा, की ज्याच्याकडून गाणे घेतले त्याचे नाव घ्यावे. लोककलावंतांच्या चालींवर अनेकांनी नाव कमावले, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र दिवटीच्या तेलाची भ्रांत राहिली, असे आपल्याकडे पुष्कळदा झाले आहे.

मामांची दोन्ही मुले आता पोटापाण्यासाठी दुसऱ्या शहरात आहेत. संबळ कोणी धरीत नाही. त्या दसऱ्याच्या रात्री दक्षिणा आणि शिधा घेऊन निघताना ते उंबऱ्याशी थबकले आणि पुतण्याला म्हणाले, “बोलावनं म्हनलास त्यात चार देव राहिलं. समदं पाठ करायचं असंल तर सवडीनं ये.” त्यावर पुतण्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आमच्या घरात गोंधळ्याच्या पाया पडण्याची रीत नव्हती. ती त्या दिवशी पडली.

यंदा घट बसण्याच्या दोन दिवस आधीच येतो, असे पुण्याहून पुतण्याचे पत्रोत्तर नव्हे, मोबाइलवरचा निरोप आला आहे. ते आवाहन तो मामांच्या तोंडून वहीत उतरवून घेणार आहे. पुढे तो ते कोणत्या वाद्यावर वाजवील, याची चिंता आता आम्ही करीत नाही. आई जगदंबेला सारे स्वर ऐकू येतात. तिला आवतण पोहोचले पाहिजे आणि तिच्या लेकरांना झील धरता आली पाहिजे, मग तो गोंधळ मांडलेलाच होय. उदे गं अंबे उदे!